पानं माझी, तोंड तुमचं!

कोजागिरीला चुलीवर दूध आटायला ठेवलं, की आमच्या गल्लीतल्या बायकांचा पत्त्यांचा डाव पडतो. आमचं गाव साखरा. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली असते. दिवसभर वाकून वाकून कंबर धरलेली असते, तरी त्या रात्री लवकर कुणी झोपत नाही. लक्ष्मी ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागं आहे’, असं विचारत फिरते म्हणतात. आणि जागं राहायचं तर हाताला काहीतरी चाळा हवा! जुन्या काळी या रात्री फासे खेळून जागरण करायची रीत होती. आता फाशांच्या जागी पत्ते आले, एवढंच.

आधी मेंढीकोट होतो. मग बदाम सात, झब्बू. आणि बारा वाजून गेले, लेकरं झोपली, की कुणीतरी हळूच म्हणतं, “चला गं, तीनपत्ती लावू. रुपया-रुपयानं.”

मैत्रिणींनो, पत्ते चांगले की वाईट यावर भाषण करायला मी आज बसलेली नाही. पत्ते खेळताना आपण जे बोलतो, त्याबद्दल मला सांगायचंय. आणि सांगायचं म्हणजे माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

ती रात्र

चार वर्षांपूर्वीची कोजागिरी. डावात आम्ही सहाजणी होतो. माझी धाकटी जाऊ माझ्या समोर बसलेली. स्वभावानं गरीब. बोलणं कमी. हिशेब तोंडपाठ, पण चारचौघींत आवाज निघायचा नाही. तिला पत्ते चांगले खेळता येतात हेही आम्हाला कधी कळलं नसतं, कारण ती बहुतेक वेळा पानं बघायची आणि गुपचूप पॅक करायची.

त्या डावात मला बदामाची तीन पानं आली. कलर! मी चाल दिली. एकेक जण पॅक होत गेली. राहिलो मी आणि धाकटी. ती पानांकडं बघत थांबली. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “अगं धाकटे, पॅक कर. तुझ्याच्यानं काय व्हायचंय? मिठाचा पुडा आणायचा तरी तुला भाऊजींना विचारावं लागतं!”

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले.

धाकटी हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडली आणि चाल दिली. मी पुन्हा चाल दिली. तेवढ्यात शेजारच्या काकू, ज्या कधीच्या पॅक झाल्या होत्या, तिच्या खांद्यावरून पानांत डोकावल्या आणि म्हणाल्या, “माय! असली पानं असताना कोण भिऊ लागलंय? दे बाई, दे!” झालं. पुन्हा चाल, पुन्हा चाल. रुपया-रुपयाचा डाव कधी दहा-वीसवर गेला कळलंच नाही. शेवटी तिनं शो मागितला.

आता मी पानं सरळ टाकायची की नाही? नाही. मी एक बदाम टाकला. थांबले. दुसरा टाकला. थांबले. तिसरं पान छातीशी धरून तिच्याकडं बघत राहिले. तिच्याकडं राण्यांची जोडी होती. तिच्या चेहऱ्यावर जरा आशा दिसली, आणि मग मी तिसरा बदाम टाकला. परत हशा!

त्यानंतर धाकटी उठली नाही. ‘एवढं परत मिळवते’ म्हणून खेळत राहिली. दूध पिऊन आम्ही उठलो तेव्हा तिचे ४६० रुपये गेले होते.

शनिवारी बचत गटाची बैठक होती. हप्ता गोळा करताना धाकटीची पाळी आली. ती मान खाली घालून म्हणाली, “माझा पुढल्या वेळी घ्या.” आजवर एकदाही तिचा हप्ता चुकला नव्हता. नियमाप्रमाणं तिच्या नावापुढं दंड लिहिला गेला. गटात सोळा बायका. त्यातल्या पाचजणींना पैसे कुठं गेले ते ठाऊक होतं, आणि पाचहीजणी सतरंजीकडं बघत बसल्या. मी त्यातलीच एक.

घरी आल्यावर मी पैसे द्यायला गेले. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, “हरले ते हरले, अक्का. त्याचं काही नाही. तुम्ही जे बोललात ते खरं होतं, म्हणून लागलं.”

पुढं वर्षभर ती डावाला आली नाही.

गोव्याहून आलेला भाचा

माझ्या भावाचा मुलगा हॉटेलचं शिक्षण घेऊन पणजीला गेला. तिथं मांडवी नदीत मोठमोठ्या बोटींवर कसिनो आहेत, त्यातल्या एकात तो पानं वाटण्याचं काम करतो. डीलर म्हणतात त्याला. दिवाळीला तो आमच्याकडं आला होता. बोलता बोलता मी विचारलं, “तुमच्याकडं एवढ्या पैशांचा खेळ. मग भांडणं किती होत असतील रे?”

तो म्हणाला, “आत्या, भांडणं पैशावरून कमी होतात. बोलण्यावरून जास्त. म्हणून बोलण्याचेच नियम जास्त आहेत.”

मला नवल वाटलं. मग त्यानं पोकर नावाच्या खेळाचे नियम सांगितले. आपल्या तीनपत्तीचाच हा विलायती भाऊबंद म्हणा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये पाच पानं सगळ्यांसाठी उघडी होत जातात, आणि पैसे लावत जायचं किंवा पानं टाकून बाजूला व्हायचं.

पहिला नियम असा, की एका हातावर एकच खेळाडू. म्हणजे माझ्या हातातल्या पानांचा निर्णय मीच घ्यायचा. मागं उभा राहिलेला नवरा असो, मित्र असो की गुरू, सल्ला द्यायचा नाही. विचारायचाही नाही.

दुसरा नियम, डाव चालू असताना त्या डावाबद्दल बोलायचं नाही. ज्यानं पानं टाकली त्यानं तर मुळीच नाही. “अरेरे, मी राजा टाकला!” एवढं जरी कुणी हळहळून म्हटलं, तरी खेळणाऱ्यांना कळतं की एक राजा कमी झाला. बोलणाऱ्याचं काहीच जात नाही, पण दुसऱ्या कुणाचे तरी पैसे त्या एका वाक्यावर जातात. त्याचं हे बोलणं माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

तिसरा नियम, आपली पाळी येईस्तोवर काही जाहीर करायचं नाही. आणि पाळी आल्यावर तोंडानं जे म्हणाल, ते बांधील. ‘लावतो’ म्हटलं की लावायचं, मग मागं घेता येत नाही. शब्द हाच पैसा.

चौथा, डाव चालू असताना टेबलावर सगळ्यांना कळेल अशीच भाषा. दोघं जण तिसऱ्याला न कळणाऱ्या बोलीत कुजबुजले, की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो. मोठ्या स्पर्धांत त्यामुळंच बहुधा इंग्रजी ठरलेली असते. हातात पानं असताना फोनवर बोलणंही चालत नाही.

आणि पाचवा नियम म्हणजे शिवीगाळ, अपमान, हरणाऱ्याला डिवचणं नाही. आधी ताकीद मिळते. मग काही डाव बाहेर बसवतात. तरी नाही ऐकलं तर सरळ स्पर्धेतून काढतात.

“मग तिथं सगळे मुके बसतात की काय?” मी विचारलं.

“छे! गप्पा तर भरपूर चालतात. हवापाणी, क्रिकेट, जेवण. समोरासमोर दोघंच उरले तर एकमेकांना बोलून चाचपतातही. स्वतःच्या पानांबद्दल थाप मारणं हा तर खेळच आहे.”

त्यानं जेमी गोल्ड नावाच्या अमेरिकन खेळाडूचं उदाहरण दिलं. २००६ साली लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेतली मुख्य स्पर्धा त्यानं जिंकली. बक्षीस होतं १ कोटी २० लाख डॉलर! हा माणूस डाव चालू असताना अखंड बोलायचा. कधी थाप मारायचा, तर कधी स्वतःची पानं खरी खरी सांगून टाकायचा, आणि समोरच्याला कशावर विश्वास ठेवावा तेच कळायचं नाही. हे नियमात बसतं का, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. म्हणजे पोकरवाल्यांनाही ‘बोलणं’ हा विषय काही सोपा गेलेला नाही.

पण भाच्यानं शेवटी एक गोष्ट सांगितली आणि मी गप्पच झाले. तो म्हणाला, “आत्या, एक गोष्ट नियमात लिहिलेली नसते, पण ती केली तर टेबलावरचे सगळे नाराज होतात. आपण जिंकलोय हे माहीत असून पान मुद्दाम सावकाश दाखवायचं. समोरच्याला आशा दाखवायची आणि मग पाडायचं. त्याला फार हलकं समजतात.”

मला माझा तिसरा बदाम आठवला.

शकुनीचं तोंड

भाचा गेल्यावर मी विचार करत होते. हे नियम काय फक्त बोटीवरच्या श्रीमंतांसाठी आहेत? आपल्याकडं तर खेळाच्या बोलण्यातून केवढं रामायण… नाही, महाभारत घडलंय!

द्यूताचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. फासे शकुनीचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शकुनीच्या तोंडाकडं आपलं लक्ष जात नाही. युधिष्ठिराला खेळ येत नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो बसला, कारण ‘कुणी आव्हान दिलं तर मी मागं हटत नाही’ असा त्याचा बाणा होता. शकुनीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. आणि शेवटी, सगळं हरून झाल्यावर, द्रौपदीचं नाव पहिल्यांदा कुणी काढलं? युधिष्ठिरानं नाही. ‘तुझी प्रिया अजून शिल्लक आहे, तिला लाव’ असं सुचवलं ते शकुनीनं. समोरच्यानं काय पणाला लावावं हे प्रतिस्पर्ध्यानं सुचवायचं! आजच्या कुठल्याही टेबलावर त्याला उठवला असता.

भर सभेत उभी राहून ‘आधी स्वतः हरलेल्याला मला पणाला लावायचा हक्क होता का?’ असं विचारणारी एकटी द्रौपदीच. बाकी मोठमोठे सतरंजीकडं बघत बसले. आमच्या बचत गटासारखेच.

दुसरीकडं शंकर-पार्वतीचा सारीपाट बघा. आपल्या मराठवाड्यात वेरूळच्या लेण्यांत हे दोघं खेळायला बसलेले कोरले आहेत. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, आणि पार्वतीनं महादेवाला त्या खेळात हरवलं अशी कथा सांगतात. म्हणजे बाईनं खेळू नये असं काही आपल्या देवांनी ठरवलेलं नाही! प्रश्न एवढाच, की खेळताना समोरच्याचा मान राहतो की जातो.

खुणा आणि पडदे

तीनपत्तीत जशी डिवचाडिवची, तशी मेंढीकोटात खुणाखुणी. समोरासमोरच्या दोघी भिडू. चार दश्शा पकडायच्या. पण भिडूला आपल्याकडं काय आहे ते सांगता येत नाही. मग सुरू होतं! कुणी छातीला हात लावते, म्हणजे बदाम. कुणी कपाळावरचं कुंकू नीट करते, म्हणजे इस्पिक. आमच्या सासूबाई तर “आज दुधात साखर कमीच वाटायली बाई” म्हणाल्या, की समजायचं हुकमाचं पान संपलं! आम्हाला यात काही गैर वाटायचं नाही. उलट हीच मजा.

पण याच कारणासाठी ब्रिजच्या खेळात केवढा गहजब झाला होता! ब्रिजही भिडूंचाच खेळ. १९७५ साली बर्म्युडा बेटावर जगज्जेतेपदाची स्पर्धा होती. तिथं इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायानं पायाला खुणा केल्याचा ठपका आला. त्याच स्पर्धेत भिडूंनी एकमेकांचा चेहरा बघू नये म्हणून टेबलाच्या मधोमध आडवा पडदा लावला होता. यांनी पडद्याखालून वाट काढली! आता मोठ्या स्पर्धांत पडदे असतातच, आणि बोली तोंडानं बोलायचीच नाही, छापलेल्या चिठ्ठ्या पुढं ठेवायच्या. कारण ‘पास’ हा एक शब्दसुद्धा माणूस दहा तऱ्हांनी म्हणू शकतो. सुनेला ‘बरं’ म्हणणाऱ्या सासूला विचारा!

याच ब्रिजमध्ये २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या मिश्र संघानं कांस्यपदक मिळवलं. त्या संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. साठी ओलांडलेल्या. पत्ते हातात घेऊन देशासाठी पदक आणणारी आजी! ही बातमी मी त्या वेळी गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवली होती. सासूबाई म्हणाल्या, “आणि आमचे हे म्हणायचे, पत्त्यांनी कुणाचं भलं झालंय!”

पैशाची गोष्ट

भलं झाल्याचं सांगितलं, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. पैसे लावून तीनपत्ती खेळणं हा जुगारच. आपल्या राज्यातला जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ सालचा आहे. त्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे. रमीत कौशल्य जास्त लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ च्या गाजलेल्या निकालात म्हटलं. तीनपत्तीला मात्र तो आधार नाही. अलीकडं तर मोबाइलवरच्या रमीनं आणि तीनपत्तीनं गावोगावच्या पोरांना नादी लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

मोबाइलच्या डावात मला एक गोष्ट फार भीतीची वाटते. तिथं समोर माणूस नसतो. “बास कर आता, घरी जा” म्हणणारं कुणी नसतं. आमच्या अंगणात त्या रात्री पाचजणी होतो. एकीनं जरी म्हटलं असतं, “धाकटे, पुरे, दूध घे,” तरी ती उठली असती. आम्ही सगळं बोललो. तेवढं एक सोडून.

आमचे नियम

पुढच्या कोजागिरीच्या आधी मी सगळ्यांना गोळा केलं आणि भाच्याचे नियम आपल्या भाषेत सांगितले. थोडी थट्टा झाली. “आता काय बाई, साखऱ्यात कसिनो काढायली का?” तरी हळूहळू पटलं. आम्ही ठरवलेलं असं:

१. पैसे बंद. चिंचोके. प्रत्येकीला पन्नास मोजून. संपले की संपले, उसने नाहीत.

२. जिचा हात, तिचंच डोकं. मागून पान सांगायचं नाही. सासूनं सुनेला नाही, आणि नवऱ्यानं तर नाहीच नाही.

३. पॅक झालेलीनं आपली पानं सांगायची नाहीत, दुसरीच्या पानांत डोकवायचं नाही. साइड शो दोघींतच राहील.

४. थाप मारायची तर स्वतःच्या पानांवर. कुणाच्या घरावर, नवऱ्यावर, रंगावर, माहेरावर बोलायचं नाही.

५. ‘दम असंल तर’ हे शब्द बंद. पॅक करणं म्हणजे भिणं नव्हे, शहाणपण.

६. जिंकलं की पान सरळ टाकायचं. नाटक नाही.

७. हरणारीला उठावंसं वाटलं तर उठू द्यायचं. ‘एक डाव अजून’ म्हणून बसवायचं नाही.

मेंढीकोटातल्या खुणा मात्र बंद करायला सासूबाई तयार झाल्या नाहीत. मग तडजोड अशी, की खुणा करायच्या तर दोन्ही जोड्यांनी, आणि पकडलं तर एक दश्शी जप्त! नियम करणं सोपं असतं, मैत्रिणींनो. सगळेच पाळता येतात असं नाही.

नियम ठरले, पण धाकटी यायला हवी ना! आदल्या दिवशी ओट्यावर सोयाबीन निवडत बसलो होतो. मी म्हटलं, “धाकटे, माझं चुकलं. बोलायला नको होतं.” एवढंच. इतकं साधं वाक्य, आणि ते तोंडातून काढायला मला एक वर्ष लागलं होतं. टोमणा मारायला एक क्षणही लागला नव्हता! ती काहीच बोलली नाही. सूप पुढं सरकवलं आणि म्हणाली, “अक्का, यातले खडे नाही निघाले अजून.”

पण कोजागिरीला ती आली. चिंचोके मोजून घेतले. तिसऱ्या-चौथ्या डावाला ती आणि शेजारच्या काकू उरल्या. अंगणात बायकांचा आवाज ऐकून भाऊजी ओसरीवरून उठून आले, तिच्या मागं उभे राहिले. पानांकडं बघितलं आणि सवयीनं म्हणाले, “पॅक कर गं. कशाला उगीच…”

आम्ही सगळ्या गप्प. मला वाटलं, आता मीच नियम सांगते. तोंड उघडणार होते, तेवढ्यात मनात आलं, नको. पानं तिची आहेत.

धाकटीनं मान वर केली नाही. दहा चिंचोके मोजले, मध्ये सरकवले आणि शांतपणे म्हणाली, “माझा हात आहे. मी खेळते.”

तो डाव ती हरली की जिंकली, ते आज मला नीट आठवतसुद्धा नाही.